पायवाट बुजते तेव्हा

सिरोंचा म्हटले की नद्या आठवतात. प्राणहिता इथे गोदावरीला मिळते, आणि पुढे सोमनूरला इंद्रावतीही येते. आज मात्र मी तुम्हाला या तालुक्यातल्या जुन्या पायवाटांवर नेणार आहे.

या वाटा कोणी आखल्या नाहीत. पाण्याला, मोहाला, तेंदूपानाला, बाजाराला आणि सोयऱ्यांकडे जाता-येता त्या पडल्या. जनावरांनाही मोकळी वाट आवडते. दिवसा माणसाची असलेली वाट रात्री त्यांची होते. म्हणून मी पहाटे निघतो आणि नजर आधी धुळीवर ठेवतो. चितळाचे खूर, सायाळीचा गळालेला काटा, रानकोंबडीने उकरलेला पाचोळा. रात्रीचा सारा हिशेब तिथे लिहिलेला असतो. उजाडल्यावर मान वर करावी. उंच झाडांच्या फांद्या जिथे एकमेकींना भिडतात, तिथे शेकरू दिसण्याची आशा असते.

मोह गळू लागला की अस्वलाचा माग ठरलेला. त्याच्या मागच्या पायाचा ठसा थेट अनवाणी माणसासारखा, फक्त बोटांपुढे नखांच्या खुणा. एकदा माझ्यासोबतचे माडिया आजोबा असा ठसा पाहून थांबले. मातीला बोट लावून म्हणाले, "गुरुजी, ताजा आहे. मोह वेचायला बाया निघाल्या असतील. आधी त्यांना सांगू." आम्ही तिथूनच मागे फिरलो. माग ओळखणे हा इथे छंद नाही, जीव सांभाळण्याची विद्या आहे.

पूर्वेला छत्तीसगडच्या सीमेकडे कोलामार्काचे जंगल आहे. महाराष्ट्रात रानम्हैस उरली ती तिथेच. तिच्यासाठी 2013 मध्ये सुमारे 180 चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. गावम्हशींशी संकर आणि त्यांच्याकडून येणारे रोग हे तिच्यापुढचे मोठे धोके. गुरे कुठल्या वाटेने कुठवर जातात, हे गुराख्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आणि वाटेवरचा दगडही इथे नुसता दगड नसतो. पोचमपल्लीजवळ सापडलेल्या हाडांवरून 1975 मध्ये 'बारापासॉरस' या महाकाय डायनासोरचे नामकरण झाले. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे. वडधमलाही जीवाश्म उद्यान आहे.

आता डांबरी रस्ते आले. त्यामुळे बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचते, याचा मला आनंदच आहे. पण पायवाट पावलांवर जगते. दोन पावसाळे कोणी फिरकले नाही, तर ती बुजते. तिच्याबरोबर झऱ्याचे नाव जाते, अस्वलाच्या गुहेची खूण जाते. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावाने सामूहिक दावा केला, तर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात. पण ते सांगणारे गेल्यावर काय सांगणार?

म्हणून एक विनंती. उन्हाळ्याच्या सुटीत गावातल्या मुलांनी एखाद्या जाणत्या माणसाबरोबर एक जुनी वाट चालावी. झरे, वारुळे, मोहाची झाडे वहीत नोंदवावीत. नावे माडियात, तेलुगूत किंवा मराठीत, जशी सांगितली तशीच लिहावीत. सोबत जाणते माणूस मात्र हवेच; एकट्याने जंगलात शिरू नये.