मन ओळखणं उपजत नसतं



'समोरच्याचं मन ओळखणं बाईला उपजतच जमतं, पुरुषाला नाही,' असं आपल्याला ऐकवलं जातं. मग घरातल्या सगळ्यांची मनं सांभाळायचं कामही आपल्याच गळ्यात पडतं. मला हे मान्य नाही.

कॅमेरूनच्या जंगलातल्या बाका जमातीच्या मुलांची एक पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. मोठा माणूस आंब्याच्या कोयींचा गर भांड्यात ठेवून बाहेर जाई. मूल तो दुसरीकडे लपवी. 'परत आल्यावर तो कुठं शोधेल?' पाच वर्षांच्या बहुतेक मुलांनी पहिलंच भांडं दाखवलं. युरोपातली मुलंही साधारण याच वयात हे ओळखतात. मुलगे-मुलींत फरक दिसलाच तर अगदी थोडा.

पण हे आपोआपही होत नाही. कर्णबधिर मुलाशी घरात कुणी खुणांच्या भाषेत बोलत नसेल, तर ही समज उशिरा येते. आईवडील स्वतः कर्णबधिर असून ती भाषा वापरत असतील, तर वेळेवर येते. म्हणजे बोलण्यातूनच मन कळू लागतं.

तेव्हा 'तिला काय वाटलं असेल?' हा प्रश्न मुलीइतकाच मुलालाही विचारूया. आणि तो एकट्या आईनेच का? बापानेही विचारायला हवा.