‘वेंधळी’ म्हणण्याआधी



दूध उतू जातं, रेशनकार्ड सापडत नाही, दहा कामं सुरू होतात आणि एकही तडीला जात नाही. अशा बाईसाठी आपल्या चाळींत नावं तयारच असतात : वेंधळी, धांदरट, आळशी. वर्गात उड्या मारणाऱ्या मुलाची तक्रार शाळा घरी कळवते. खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुलीची तक्रार कोण करणार? म्हणून लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, मुलींमध्ये ओळखायची राहून जाते.

मोठ्या माणसांना स्वतः भरता येईल अशी प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं तयार झाली, २००५ साली प्रसिद्ध झाली. प्रश्न १८, त्यांतले पहिले ६ चाळणीचे. काम पुरं करणं, नीट आखणं, ठरलेलं लक्षात ठेवणं, डोक्याचं काम पुढे ढकलणं, बसल्याजागी चुळबुळ, सतत धावत राहणं. हे गेल्या ६ महिन्यांत किती वेळा झालं? सहापैकी चार उत्तरं ठरलेल्या रेषेपलीकडे गेली, तर तपासून घ्यावं. चाळणी म्हणजे निदान नव्हे.

पण या कागदावर एक प्रश्न नाही : बाई, तुझ्या डोक्यावर कामं किती? पहाटे पाणी भरून, डबे करून, लालबागहून नोकरीला धावणारी थकूनही विसरते. रक्त कमी असणं, थायरॉइड, अपुरी झोप, नैराश्य, घरातली मारहाण यांनीही लक्ष उडतं. म्हणून प्रत्येक उत्तरापुढे लिहा : हे लहानपणीही होतं का? २०१३ च्या निकषांनुसार खुणा बाराव्या वर्षाआधीच्या हव्यात, आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हव्यात. आणि डॉक्टरांनी ‘संसारात असं व्हायचंच’ म्हणून परत पाठवलं, तर हाच कागद पुढे करा.

परळला केईएम, मुंबई सेंट्रलला नायर इथे मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर फुकट बोलता येतं.

शेवटी, कागद आपल्याच जवळ ठेवा. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. कोर्टाला त्यासाठी फार गंभीर अवस्था दाखवावी लागते, पण घरात धमकी द्यायला नुसता शब्द पुरतो. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिला आहे. तेव्हा मंडळात कागद वाटा, गोळा मात्र करू नका. जिचा तिनं भरावा, दाखवायचा की नाही तेही तिनंच ठरवावं.