मुंबईच्या आकाशातील ध्रुवीय प्रकाश



ध्रुवीय प्रकाश म्हटला की नॉर्वे-आइसलँडचे हिममय प्रदेश डोळ्यांपुढे येतात. परंतु ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तो मुंबईहून दिसल्याची नोंद तत्कालीन वृत्तपत्रात आढळते. सूर्यावरून आलेल्या विद्युद्भारित कणांनी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षुब्ध झाले, की ध्रुवांभोवतीचे प्रकाशवलय विषुववृत्ताकडे सरकते. दक्षिणेकडील प्रेक्षकास त्याचा केवळ वरचा, ऑक्सिजनच्या अणूंचा लाल पट्टा क्षितिजालगत दिसतो. मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथून तोच टिपला गेला.

याहून प्रचंड वादळ सप्टेंबर १८५९ मधील. तेव्हा क्यूबापर्यंतचे आकाश लाल झाले. अमेरिकेत तारयंत्रे बॅटरीवाचून चालली. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील कर्मचारी चुंबकसूचीचे विचलन नेमाने वहीत उतरवीत होते. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता ठरविली. १९८९ मध्ये त्याहून सौम्य वादळाने कॅनडाचा क्वेबेक प्रांत कित्येक तास अंधारात बुडविला होता. यावरून त्या आकड्यांचे मोल कळावे.

आकाशातील ती लाली विरली. वही मात्र कोणीतरी जपून ठेवली, म्हणून ती दीडशे वर्षांनी उपयोगी पडली.