पेलेट बॉयलरची आच आपोआप कशी राखली जाते?

चुलीवर भाकरी करताना तवा फार तापला की आपली घरची बाई लाकूड मागं ओढते. तवा निवला की लाकूड पुढं सारते, फुंकणीनं वारा घालते. पेलेट बॉयलरमधलं तापमान नियंत्रण नेमकं हेच काम करतं. दूध तापवण्यासाठी असा बॉयलर वापरणाऱ्या, किंवा घेऊ पाहणाऱ्या, दूध उत्पादक गटांसाठी आज त्याची माहिती देत आहे.

पेलेट म्हणजे भुसा किंवा पिकांचा काडीकचरा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, आखूड कांड्या. पेटीतून त्या मळसूत्राच्या दांड्याने थोड्याथोड्या जाळाकडे ढकलल्या जातात. पंखा हवा पुरवतो. पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर बॉयलरच्या खोबणीत बसवलेला असतो.

समजा, ५०० लिटर दूध ३० अंशांवरून ६३ अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचे आहे. त्याला सुमारे १६,००० किलोकॅलरी उष्णता लागते. पाव हिस्सा उष्णता वाया जाते असे धरले, तर साधारण सहा किलो पेलेट लागतील. नंतर दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे राखायचे. या वेळी फक्त निघून जाणारी उष्णता भरून काढायची असते. म्हणजे आधी मोठा जाळ हवा, मग अगदी मंद. हाताने लाकूड घालणाऱ्याला हा बदल साधणे अवघड जाते आणि सरपण फुकट जळते.

आता यंत्र काय करते ते पाहा. पाणी ८० अंशांवर ठेवायचे असे आपण ठरवून दिले. थंड दुधाला उष्णता देऊन पाणी निवून परत येते. सेन्सरला ते कळते. दांडा जास्त वेळ फिरतो, पंख्याचा वेग वाढतो. पाणी ८० अंशांजवळ आले की दोन्ही बेताबेताने कमी होतात. दोन्ही बरोबरीनेच बदलावे लागतात. पेलेट जास्त आणि हवा कमी झाली तर काळा धूर नि डांबर होते. हवाच जास्त झाली तर ऊब धुराड्यातून निघून जाते.

जाळ अगदी मंद करूनही पाणी तापतच राहिले, तर पेलेट येणे थांबते. पाणी काही अंश उतरल्यावरच बॉयलर पुन्हा पेटतो. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. तो नसेल तर बॉयलर सारखा पेटेल-विझेल, आणि दर पेटणीला धूर होईल.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवा.

पहिली, नियंत्रक पाण्याचे तापमान सांगतो, दुधाचे नव्हे. पाणी ८० दिसले म्हणून दूध तयार झाले असे समजू नका. दुधातच तापमापक घाला आणि ३० मिनिटे ६३ अंश झाल्यापासून मोजा. इथे चूक झाली, तर रोगजंतू जिवंत राहतात आणि ते दूध आपलीच लेकरं पितात.

दुसरी, सेन्सर खोबणीतून निसटला तर त्याला पाणी गारच वाटते आणि जाळ वाढतच जातो. साफसफाईनंतर तो जागेवर आहे ना, हे पाहा.

तिसरी, बॉयलर पूर्ण जोरात जळत असताना काटा वाढवून आच वाढत नाही. पेलेट वाचवायला पाणी फार खालीही ठेवू नका. थंड पत्र्यावर धुरातली वाफ निवते, गंज चढतो.

चौथी, पाणी भलतंच तापल्यास जाळ बंद करणारी वेगळी सुरक्षा कळ असते. ती पडली तर कारण शोधल्याशिवाय दाबू नका. ती बांधून ठेवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. वाफ जाण्याची वाटही कधी बंद करू नका.

पाचवी, वीज गेली की पंप थांबतो, पण आतला विस्तव लगेच विझत नाही. म्हणून पंपाला इन्व्हर्टरची जोड द्या.

शेवटी राखेबद्दल. पिकांच्या काडीकचऱ्याच्या पेलेटची राख जास्त पडते, तिचे खडे होतात आणि हवेची भोकं बुजतात. मग नियंत्रक कितीही शहाणा असला तरी जाळ नीट होत नाही. राख रोज काढा. यंत्र आच सांभाळेल, यंत्राला सांभाळायचं काम आपलं.