भिंतींतून येणारा आवाज

पस्तीस वर्षें मीं मुलांना ध्वनीचा धडा शिकविला. नादकांटा वाजवून हवेंत धरला, तर मागल्या बांकावरील मुलास कांहीं ऐकूं येत नाहीं. त्याचाच दांडा मेजावर टेकविला, कीं साऱ्या वर्गास ऐकूं येतें. कारण मेजच थरथरूं लागतें. हा धडा मला माझ्याच इमारतींत आठवूं नये, ही लाजेची गोष्ट होय.

आमच्या तळमजल्यावर पाण्याचा पंप आहे. पहाटे पांचला तो सुरू झाला, कीं उशीखालीं घरघर होते, अशी तिसऱ्या मजल्यावरील एका आजारी, वृद्ध गृहस्थांची तक्रार होती. आम्हां व्यवस्थापक मंडळींनीं पंपाजवळ उभें राहून ऐकलें; आवाज बेताचाच वाटला. ‘आपणांस भास होत असेल,’ असें मींच त्यांना म्हणालों. पुढें त्यांच्या समाधानासाठीं पंपाच्या खोलीस जाड दार बसविलें. घरघर तशीच राहिली. अखेर एका पहाटे मीं त्यांच्या भिंतीस कान लावला आणि खजील झालों.

पंप हा नादकांटा आणि इमारत हें मेज! मिनिटास सुमारें १,४४० फेरे घेणारें यंत्र सेकंदास निदान २४ हिसके देतें. पाया, नळ, भिंत या वाटेनें ते वर चढतात. दार अडवितें तो केवळ हवेंतला आवाज. तेव्हां उपाय एकच, ताठ स्पर्श तोडणें. यंत्राखालीं त्याच्या भारानें पुरेशी दबेल अशी स्प्रिंग किंवा रबर, यंत्र व नळ यांमध्यें लवचिक जोड, आणि नळ भिंतीस जखडणाऱ्या कड्यांत रबराचें अस्तर. यांतील एक दुवा ताठ राहिला, तरी बाकीचा खर्च वायां जातो. आम्हीं प्रथम रबर घातलें, पण नळ तसाच ठेवला. फरक पडला नाहीं. नळाचे जोड बदलले, तेव्हां भिंत मुकी झाली.

भारतांत २००० सालच्या नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. फरक दहाचाच दिसतो. परंतु ध्वनीच्या शक्तींत तो दसपट असतो. पहाटेचे पांच ही कायद्यानेंही रात्रच आहे.

पुढें ते गृहस्थ जिन्यांत भेटले. म्हणाले, “मास्तर, आज सहापर्यंत झोंप लागली.” मला उत्तर सुचलें नाहीं. श्रोतेहो, शेजाऱ्याची अशी तक्रार आली, तर यंत्राजवळ उभे राहून निवाडा करूं नका. त्याच्या उशीपाशीं जाऊन ऐका.