शेवटचं नीट बोलल्या कधी?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

श्रोतेहो, लकवा हा शब्द आपल्याकडे घरातली माणसं चटकन उच्चारत नाहीत. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. डॉक्टर पक्षाघात म्हणतात, वैद्य अर्धांगवायू म्हणतात. आमच्या घरात हे वारं २०१३ च्या डिसेंबरात एका पहाटे शिरलं आणि माझ्या बायकोची उजवी बाजू आणि वाचा घेऊन गेलं. त्यातली बाजू बरीचशी परत आली. वाचेचं काय झालं, ते सांगायला मी आज बसलो आहे.

आम्ही शनिवार पेठेत राहतो, मेहुणपुऱ्यातल्या एका वाड्यात, पहिल्या मजल्यावर. माझे वडील अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचं बाइंडिंग करत, तेव्हापासूनच्या या भाड्याच्या दोन खोल्या. ‘शनिवारात मुसलमान?’ असं अजूनही कुणी विचारतं. मग मी सांगतो, या पेठेचं जुनं नाव मुर्तुजाबाद; तेव्हा पाहुणा कोण आणि यजमान कोण, ते तुम्हीच ठरवा. लोक हसतात आणि चहा सांगतात. मी बी. ए. झालो, पोटासाठी छापखान्यात प्रुफं तपासली आणि जिवासाठी मराठीत कविता लिहिल्या. बायको घरी शिवणकाम करायची. आसपासच्या कितीतरी साड्यांचे फॉल-पिको तिच्या हातचे आहेत. घरात आम्ही दखनी बोलतो, दाराबाहेर मराठी. पण ही सीमारेषा आमच्याकडे कधीच नीट आखलेली नव्हती.

त्या रात्री मी नगरला कविसंमेलनाला गेलो होतो. परतायला पावणेतीन झाले. घरात दिवा न लावता आडवा झालो. ही भिंतीकडे तोंड करून झोपलेली होती. उठवलं नाही, बोललो नाही. साडेपाचला मोठ्या मुलीच्या ओरडण्यानं जाग आली. ही कॉटच्या कडेला कशीबशी बसलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात दोरी सुटल्यासारखा लोंबतोय. काहीतरी सांगायचा प्रयत्न चाललेला आणि बाहेर नुसता आवाज. वाड्याचा लाकडी जिना तुम्हाला ठाऊकच असेल, एका वेळी एकच माणूस उतरणार. खालच्या काकूंच्या मुलानं तिला खुर्चीत बसवून खुर्चीसकट उतरवली. सव्वासहाला आम्ही रुग्णालयात होतो.

तिथल्या तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, “या शेवटचं नीट बोलल्या कधी?”

मुलगी म्हणाली, रात्री दहाला. मी गप्प राहिलो. पावणेतीनला मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, पण ती नीट होती की नव्हती, हे मला सांगता येत नव्हतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन असतं. पण ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, कारण पुढे रक्तस्रावाचा धोका वाढतो. झटका झोपेत आला तर घड्याळ कुठून धरायचं? माणूस शेवटचं ठणठणीत दिसलं तिथून. म्हणजे आमचं घड्याळ रात्री दहापासून सुरू झालं आणि केव्हाच संपलं होतं. अलीकडे काही मोठ्या रुग्णालयांत एमआरआय पाहून झोपेतल्या झटक्यालाही हे इंजेक्शन देतात. आमच्या वेळी ती सोय नव्हती. सीटी स्कॅन झाला तेव्हा पावणेसात वाजले होते. रक्तस्राव नव्हता, गुठळीच होती. मेंदूच्या डाव्या भागात.

डावा भाग उजवं अंग चालवतो, आणि बहुतेक माणसांची भाषाही तिथेच राहते. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे लबॉर्न नावाचा एक रुग्ण आला. त्याला ‘तां’ एवढंच म्हणता येई. काहीही विचारा, तां. समजत पुष्कळ होतं, निघत एवढंच होतं. तो वारल्यावर ब्रोकानं त्याचा मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. वाचेची जागा माणसाला कळायला सुरुवात झाली ती अशी. हे मी मागाहून वाचलं.

आमच्याकडे पहिला शब्द आला एकविसाव्या दिवशी. मुलगी पेज भरवत होती आणि ही म्हणाली, “नक्को.” आम्ही रडलो. शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी पेढे मागितले. मग लक्षात आलं की प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर आहे. पाणी हवंय? नक्को. मुलगा कुठाय? नक्को. हवं असलं तरी नक्को. स्पीच थेरपिस्ट ताईंनी विचारलं, “हा शब्द त्यांच्या घरच्या भाषेतला की मराठीतला?” दोन भाषा बोलणाऱ्या माणसाची एक आधी परतते, कधी दोन्ही बरोबर येतात, म्हणून ते बघावं लागतं. आम्ही घरातले सगळे एकमेकांकडे पाहायला लागलो. दखनीला हा शब्द मराठीनंच दिलेला आहे. दोन्हीकडे तोच. ताईंनी कागदावर काय लिहिलं कोण जाणे.

घरी आणल्यावर खरी उस्तवार सुरू झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दुखऱ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो. पातळ पाणी ठसक्यानं फुप्फुसात जातं म्हणून सगळं दाट करून चमच्यानं द्यायचं. मुलीनं नोकरी सोडली, धाकटा नववीत होता तो भांडी घासायला शिकला. खालच्या काकूंनी त्यांची पुढची खोली आठ महिने आम्हाला दिली आणि त्यांचा मुलगा वर आमच्याकडे झोपला. भाडं विचारलं तर म्हणाल्या, “भाभींकडे माझी चार ब्लाउजं राहिलीत, ती शिवून होईपर्यंत राहा.” सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, माझ्या मावशीनं दर्ग्याचा धागा आणला, काकूंनी वीर मारुतीचा अंगारा. “वाऱ्याचंच पोर ते, बापाची समजूत काढील,” म्हणाल्या. धागा आणि अंगारा दोन्ही ठेवले. कबुतर सोडून दिलं.

भाषेचे व्यायाम मात्र मला थक्क करून गेले. ताई म्हणाल्या, नवं वाक्य जुळवायचं काम बिघडलं तरी पाठ झालेलं बरंचसं शाबूत राहतं. आणि खरोखर, जिला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं तिनं अल्हम्दुची आयत एका दमात म्हटली. तिचं शिक्षण इचलकरंजीच्या मराठी शाळेतलं. मी ‘बे एके’ म्हटलं की ‘बे’ आलंच, आणि गाडी वीसपर्यंत न थांबता. पण ताटात पोळ्या किती, म्हणून विचारलं तर दोन पोळ्यांकडे बघत बसायची. मग वार. सोमवार, मंगळवार, बुधवार. ताई बोटं उघडत जायच्या. एके दिवशी शनिवारवर ही थांबली, डोळे बारीक केले, आणि म्हणाली, “पेठ.” शिकवलेलं नव्हतं. कुणी विचारलेलंही नव्हतं. पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत हे आमच्या किती उपयोगी पडलं म्हणून सांगू! पुढचे कितीतरी महिने आम्ही पेठांवरून बोलायला शिकलो. रविवारात काय मिळतं? भांडी. बुधवारात? पुस्तकं.

आता माझी चूक सांगतो. शब्द यायला लागले ते उलटेपालटे. पंख्याला चमचा म्हणायची, मुलीला मुलाच्या नावानं हाक मारायची. मी पडलो प्रूफरीडर. चूक दिसली की हात शिवशिवतो. “चमचा नाही, पंखा. म्हण, पंखा.” दिवसाला पन्नास वेळा. आणि पाहुणे आले की तिच्या वतीनं मीच बोलायचो. तिनं तोंड उघडायच्या आत, “ती म्हणते, आता बरं आहे.” “तिला म्हणायचंय, गुडघा दुखतो.” लोक म्हणायचे, किती सांभाळतात हो! मलाही ते खरं वाटायचं.

एकदा सांगलीहून माझे साडू आले होते. त्यांनी तिला काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा मी. तिनं डाव्या हातानं पाण्याचा स्टीलचा ग्लास उचलला आणि भिंतीवर मारला. “नक्को!” त्या दिवशी या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळला. साडू गेल्यावर मुलगी मला गॅलरीत घेऊन गेली. म्हणाली, “अब्बा, तुम्ही अम्मीला बोलू देत नाही. नगरला तीन तास माईकसमोर बसता, घरात दहा सेकंद गप्प बसवत नाही?” मला उत्तर सुचलं नाही. तिच्या लग्नाची दोन स्थळं या आजारपणात परत गेली होती. ती कुणाला बोलली नव्हती, पण हे बोलली.

ताईंनीही तेच सांगितलं. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. चमचा म्हणाली आणि पंख्याकडे बघितलं, तर पंखा लावा. श्रोतेहो, दहा आकडे फार लांब असतात. करून बघा. सात-आठला तर जीव जातो.

त्याच वर्षी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. व्यायामाला उठेना. आम्हाला वाटलं, हट्ट. डॉक्टरांनी सांगितलं, पक्षाघातानंतर तिघांमागे साधारण एकाला अशी उदासी येते, तिला औषध असतं. गोळी सुरू झाली. आणि मुलीनं वाचनालयातून नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ आणलं. हिला स्वतःला अक्षरं लागत नव्हती, म्हणून रोज रात्री मोठ्यानं वाचायचं ठरलं. हिचं माहेर कोल्हापूरकडचं, नसीमादीदींचं नाव तिला ऐकून माहीत होतं. सोळाव्या वर्षी पाठीच्या दुखण्यानं त्या मुलीचे पाय गेले. पुढे बाबूकाका दिवाण नावाचे गृहस्थ भेटले. त्यांचेही पाय गेलेले, पण स्वतः गाडी चालवत, धंदा करत. नसीमादीदी शिकल्या, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचे पाय परत आले नाहीत. आमच्या घरात मात्र तोवर एकच प्रश्न होता, ही पूर्वीसारखी कधी होणार? पुस्तक संपेपर्यंत तो विचारणं आम्ही बंद केलं. वाचताना ही मधूनच हात वर करायची, म्हणजे परत वाच. कधी कधी एकाच पानावर रात्र जायची.

मग सुताराला बोलावून दोन खोल्यांमधला उंबरठा काढला, जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसवला. पहिल्या वर्षअखेरीला ती काठी घेऊन ओंकारेश्वरापर्यंत गेली, तिसऱ्या वर्षी वर्तक बागेच्या बाकापर्यंत एकटी. डॉक्टर सांगतात, मोठी सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते. खरं आहे. पण तिनं पहिलं पूर्ण वाक्य चौथ्या वर्षी म्हटलं, हेही खरं आहे. ते वाक्य दूधवाल्याला उद्देशून होतं आणि रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

२०१९ च्या कोजागरीची गोष्ट. वाड्याच्या गच्चीवर दूध आटत होतं. काकू मुलांना सांगत होत्या, लक्ष्मी आज घरोघर विचारत फिरते, को जागर्ति, कोण जागं आहे? ही माझ्या शेजारी खुर्चीवर बसली होती. माझ्या मनगटावर डावा हात ठेवून म्हणाली, “मी. जागी.” मी म्हटलं, हो, आज सगळेच जागे. तिनं मान हलवली. मी दहा मोजले. “ते रात. तुमे... नगर. मी जागी. राग.”

पावणेतीनला ती जागी होती. मी उशिरा आलो म्हणून रुसून भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणजे तेव्हा धडधाकट होती. मी नुसतं ‘झोपलीस का?’ म्हटलं असतं तर ती काही ना काही बोलली असती, आणि डॉक्टरला मी पावणेतीन सांगितलं असतं. पावणेतीन अधिक साडेचार, सव्वासात. स्कॅन पावणेसातला झाला होता. अर्धा तास होता. मी बोटांवर मोजतोय हे तिनं पाहिलं. माझी बोटं मुठीत धरली आणि म्हणाली, “नको.” या वेळी ‘क’ एकच होता, मराठी. दूध आलं, ते आम्ही प्यायलो. त्या रात्रीविषयी आम्ही पुन्हा बोललो नाही. मी मात्र अजून मोजतो, तिची पाठ असली की.

मुलीचं लग्न झालं, ती चिंचवडला असते. मुलगा नोकरीला लागला. शिवणयंत्राला मोटर बसवली आहे. उजव्या हातात जोर नाही. त्या बाजूला कापडावर माझं छापखान्यातलं लोखंडी वजन ठेवते आणि डाव्या हातानं फॉल लावते. साडीला दोन दिवस लागतात. बायका थांबतात. काकूंची चारही ब्लाउजं शिवून झाली, त्यातली दोन आता त्यांना होत नाहीत.

हे भाषण लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. पहिल्या खर्ड्यात मी ‘ग्लास हातातून निसटून पडला’ असं लिहिलं होतं. तिनं डावा हात वर केला. मी परत वाचलं. तिनं परत हात वर केला. मी थांबलो.

“पडला नाही,” ती म्हणाली. “मारला.”

तेवढी दुरुस्ती केली आहे.