पथ्याची यादी आणि मनाचा विषय

संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात वर्षाचा आढावा घ्यायची प्रथा आहे; पण मला बरीच वर्षे एक तक्रार मांडायची होती, आणि ती आपल्याच डॉक्टर मंडळींविरुद्ध आहे. जुनाट कंबरदुखीत ज्या उपायाला पुरावा कमी तो आपण पहिल्याच भेटीत सांगतो. ज्याला जास्त तो मनाचा उपाय बाकी सगळे थकल्यावर, आणि तोही टोमणा मारल्यासारखा.

‘वांगी बंद, हरभऱ्याची डाळ बंद, वजन उतरवा’ हे रुग्ण निमूट ऐकून घेतो. पथ्यात अपमान नाही ना! पण त्या यादीला आधार काय? यादीसोबत पूरक गोळ्याही येतात; त्यांतले सांध्यांसाठी दिले जाणारे ग्लुकोसामाइन नॉर्वेत कंबरदुखीच्या २५० रुग्णांवर तपासले गेले. २०१० साली निकाल आला, खोट्या गोळीपेक्षा काडीचाही जास्त फायदा नाही. ड जीवनसत्त्वाच्या चाचण्या एकत्र मांडल्या तरी तेच दिसते. हाडे मऊ पडण्याइतकी कमतरता असेल तर ते द्यायलाच हवे, पण तो इलाज त्या कमतरतेचा. वजन उतरल्याने मधुमेहाला आणि गुडघ्यांना आराम पडतो. कमरेच्या बाबतीत तेवढ्याच खात्रीने बोलता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. अमेरिकेत ३४२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. विचार आणि वर्तनावर काम करणारा मानसोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ५८ टक्के, सजगता-ध्यान शिकलेल्यांपैकी ६१ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांच्या दैनंदिन हालचाली सहा महिन्यांत लक्षणीय सुधारल्या. फरक फार मोठा नाही, असे कोणी म्हणेल. मान्य. पण मग हीच फूटपट्टी कमरेच्या पट्ट्याला आणि कंबर ताणणाऱ्या ट्रॅक्शनलाही लावा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये हे दोन्ही नित्य वापरू नयेत असे सांगितले. मानसोपचाराची शिफारस केली.

मनाचा विषय निघाला की येणारा ‘म्हणजे दुखणे खोटे?’ हा रुग्णाचा प्रश्न आपणच ओढवून घेतो. कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय १९९४ मध्ये तपासले, तेव्हा मणक्यांमधल्या सगळ्या चकत्या, म्हणजे गाद्या, निर्दोष फक्त ३६ टक्क्यांच्या निघाल्या. तरीही आपण फिल्म उजेडावर धरून ‘गादी सरकलीय’ म्हणतो. त्यानंतर तो माणूस चप्पल उचलायला वाकतो कसा, ते बघा: श्वास रोखलेला, एक हात टेबलावर, पाठ ताठ. आवळलेले स्नायू दुखतात, दुखले की धास्ती पक्की होते. वेदना खरीच असते. तिला खतपाणी मात्र त्या धास्तीचे. अर्थात ताप, घटणारे वजन, पायातली गेलेली ताकद, लघवीवरचा सुटलेला ताबा हे आधी तपासलेच पाहिजे. आपल्या देशात मणक्याचा क्षय विसरून चालत नाही.

तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणायचा, हा शेवटचा आक्षेप. ऑस्ट्रेलियात ४९२ रुग्णांच्या चाचणीत हे काम प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टनी केले: भीती विचारली, श्वास सैल सोडून वाकायला शिकवले. वर्षअखेरीसही फायदा टिकून होता. म्हणून केसपेपरवर पथ्याच्या रकान्याआधी ‘कोणती हालचाल करायची भीती वाटते?’ हा प्रश्न छापावा, अशी माझी सूचना आहे. नमुना कोणी करायचा, प्रशिक्षण कुठे द्यायचे, ते कार्यकारिणीने बघावे.